माहूजचं अथेन्स

विलास रिसबुडांना ग्रीक लोक चावले ते एकोणऐंशी साली, आणि तेही एका जहाजाच्या कप्तानामार्फत.

त्याआधी ते साधे हिशेबनीस होते. बहरीनला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीच्या ऑफिसात बिलं तपासायची, दुपारी घरी यायचं, आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगायचं आणि झोपायचं. त्यांच्या बायकोला, मंगलाला, हा नवरा आवडत होता असं नाही, पण निदान तो कळत होता. मग एका ग्रीक जहाजाच्या बिलाचं घोंगडं भिजत पडलेलं त्यांनी कसल्याशा खुबीने मोकळं केलं. कप्तान खूश झाला आणि त्याने दोन वस्तू भेट दिल्या. एक झ्यूस देवाचं प्लॅस्टरचं डोकं, दाढीसकट, आणि दुसरा प्राचीन ग्रीकांवरचा विटेएवढा जाड इंग्रजी ग्रंथ.

डोकं टीव्हीवर बसलं. ग्रंथ मंगलाच्या उशाशी आला, कारण इंग्रजी वाचताना विलासरावांना तिसऱ्या पानावर झोप येई. बिलं इंग्रजीच असत, पण बिलांना वाक्यं नसतात.

मंगला मिरजेची. शाळामास्तरांची मुलगी, इतिहास घेऊन बी.ए. झालेली, मग बी.एड. लग्नाआधी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि दर स्नेहसंमेलनाला नाटक बसवायची. शिकवताना तिचा आवाज शेजारच्या वर्गात जाई, आणि शेजारच्या वर्गातल्या मुली आपल्या बाईंचं सोडून तिचं ऐकत. तो आवाज बहरीनला आल्यावर भाजीवाल्याशी हिंदीतून घासाघीस करण्यापुरता उरला. मुलगा पाचगणीच्या बोर्डिंगात गेल्यावर तर माहूज वस्तीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्याशी दिवसभर फक्त एसी बोलायचा. तेव्हा तिने तो ग्रंथ अधाशासारखा वाचला. संध्याकाळी इस्त्री करता करता ती त्यातलं नवऱ्याला सांगे. विलासराव बनियनवर पलंगावर पडून ऐकत, आणि शुक्रवारी तेच मित्रांना सांगत, जणू परवाच अथेन्सहून विमानाने उतरलेत.

खरं तर ते एकदा अथेन्सला गेलेही होते. कंपनीने कुठल्याशा कामाला पाठवलं होतं, कामातून वेळ काढून एक टेकडी चढले आणि टाच मुरगळून घेऊन उतरले. पण तेवढ्यावर त्यांचा रंगच पालटला. ते बहरीनला बहरीन म्हणेनात. ग्रीक लोक या बेटाला टायलॉस म्हणत, तेव्हा आपण टायलॉसला राहतो. टॅक्सीवाल्याला मात्र "माहूज, यल्ला" असंच सांगावं लागे.

मंगलाच्या डोक्यात हे ग्रीक देव पहिल्यापासून गेले होते. तिच्या मते झ्यूस म्हणजे एखादा माजलेला इनामदार. कुणाची पोर डोळ्यात भरली की कधी बैल होऊन जायचा, कधी हंस होऊन, एकीच्या घरात तर सोन्याचा पाऊस होऊन छपरातून गळला. बायको हेरा संतापायची, पण कुणावर? त्या पोरींवर. एकीला अस्वल केलं, एकीच्या मागे डंख मारणारी माशी सोडली. आणि घरी आल्यावर नवऱ्याला पुन्हा वाढायला मोकळी.

"आपला इंद्रही काही धुतल्या तांदळाचा नाही," मंगला म्हणाली होती, "पण गौतमाने शाप दिला तो त्याला अंगभर मिरवावा लागला. यांच्यात देवाला जाब विचारणारं कुणी नाहीच."

विलासराव म्हणाले की, तुला सौंदर्यदृष्टी नाही.

सगळ्यात तिला चीड होती ती झ्यूसच्या पहिल्या बायकोच्या गोष्टीची. ही बायको सगळ्या देवांमध्ये शहाणी. तिच्या पोटचं मूल आपल्याला भारी पडेल म्हणून या गृहस्थाने तिला गोड बोलून चक्क गिळून टाकलं. पुढे मुलगी जन्मली ती याचं डोकं फोडून, चिलखत घालूनच, आणि सगळे म्हणायला लागले, काय हो डोकं. ही गोष्ट सांगताना मंगलाने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर जरा जास्तच दाबली होती. त्या शुक्रवारी विलासरावांनी ती मित्रांना सांगितली आणि शेवटी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून ठेवलं. आत स्वयंपाकघरात मंगलाने ते दाराच्या फटीतून पाहिलं. तिला हसूही आलं नाही.

शुक्रवारच्या त्या बैठकीला सिंपोझियम म्हणायचं. जुने ग्रीक पुरुष रात्री जेवणं झाल्यावर कोचांवर लवंडून पाणी घातलेली वाइन पीत आणि पाळीपाळीने एकाच विषयावर बोलत, असं मंगलाने वाचून दाखवलं होतं. एवढं एकच प्रकरण विलासरावांनी जागेपणी ऐकलं. फरक इतकाच, की अथेन्सकर रात्री बसत आणि माहूजकरांना शनिवारी पहाटे उठून कामावर जायचं असे. म्हणून शुक्रवारी भरदुपारी पडदे ओढून रात्र केली जायची. हॉलमध्ये गोल गाद्या मांडायच्या, डाव्या कोपराखाली लोड घेऊन आडवं व्हायचं. विलासराव पायजम्यावर पांढरी चादर गुंडाळून एक टोक खांद्यावर टाकत. त्या चादरीच्या कोपऱ्यावर मंगलाने लग्नाच्या वेळी भरलेला मोर होता, तो ग्रीसच्या भानगडीत नेमका काखेत जाई.

वाइन आणि पाणी मिसळायला ग्रीकांकडे मोठं भांडं असे. त्यासाठी विलासरावांनी मंगलाचं माहेरचं घंगाळ काढलं. दिवाळीत अंघोळीचं पाणी घ्यायचं पितळी घंगाळ ते. त्याची कल्हई उडाली होती आणि आत काही आंबट ठेवायचं नाही हे कुठल्याही बाईला कळलं असतं, पण बाईला विचारतो कोण. वाइन घंगाळात दोन तास कळकली, आणि शनिवारी अर्धी मंडळी कामावर जाऊ शकली नाही. विलासरावांनी पोट धरून सांगितलं की, हा डायोनायससचा संचार. हा त्यांचा दारूचा देव, तो अंगात आला की माणूस असाच गडबडा लोळतो. मंगला घंगाळ घेऊन बाब अल बहरीनच्या बाजारातल्या मागच्या गल्लीत गेली आणि कल्हई करून आणली. देवाने पुन्हा कुणाचं अंग धरलं नाही.

या बैठकीचे कायदे कडक होते. फासा टाकून एक राजा निवडायचा, घंगाळ रिकामं होईपर्यंत त्याचा हुकूम शेवटचा. गादीवर जो बसला त्याने पाळी आली की बोललंच पाहिजे, आणि तो बोलत असताना कुणी अडवायचं नाही. विलासराव हे नियम असे वाचून दाखवत, जणू कंपनीचं सर्क्युलर आहे. शेवटी एक खेळ होई. ग्लासातला उरलेला थेंब मनगटाच्या झटक्याने उडवून समोरच्या बशीत पाडायचा. बशीत कधीच पडायचा नाही. समोरच्या भिंतीवर, नेमका फळीवरच्या गणपतीच्या खाली, लाल शिंतोड्यांचा पट्टा झाला होता, आणि दर शनिवारी मंगला तो घासायची.

आणि शेवटचा कायदा असा, की बायका आत. घरंदाज अथेन्सवाल्याची बायको परक्या पुरुषांसमोर येत नसे, तिचं नावसुद्धा चारचौघांत घेत नसत. हे कलम सगळ्यांना इतकं पटलं की त्यावर चर्चाच झाली नाही.

मंडळी म्हणजे फार कोणी नव्हे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला चंद्रशेखर नेने, ज्याला बटाटेवड्यांपेक्षाही दुसऱ्याची फजिती जास्त आवडे. गोदीतला स्टोअरकीपर राजन, मूळचा केरळचा, जो वाइनसाठी येई आणि मराठी कळत नसल्याने सगळ्यांत समजूतदार दिसे. आणखी दोघं होते, ते लोडाला टेकले की दिसत नसत. चंद्रशेखरची बायको हेमा मंगलाबरोबर आत तळणीपाशी. तिच्या बोलण्यात सोनं सुरू झालं की बाब अल बहरीनच्या शेवटच्या दुकानाशी जाऊन थांबायचं.

मंगलाला यातलं कुणीच आवडत नव्हतं, पण तिने ते तोंडावर कधी येऊ दिलं नाही. मग ब्याऐंशी साली झुबैदाआपा भेटल्या.

झुबैदाआपा रत्नागिरीच्या. नवरा वारल्यावर त्यांनी अदलियातल्या एका बैठ्या बंगल्यात लहान शाळा काढली होती. अंगणात एक निंबाचं झाड, बाकी वाळू. त्या मंगलाला एका हळदीकुंकवात भेटल्या. तिथे मंगला चार पोरांना जवळ घेऊन अफझलखानाचा कोथळा काढत होती आणि पोरं श्वास रोखून ऐकत होती. झुबैदाआपा उभ्याने ऐकत राहिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, की इतिहासाची मास्तरीण गेली, तू ये.

मंगलाने फोन ठेवला आणि रिकाम्या हॉलमध्ये, त्या प्लॅस्टरच्या डोक्यासमोर, मोठ्याने "मुलींनो, बसा" असं म्हणून पाहिलं. आवाज होता अजून. जरा गंजला होता.

पण ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. तिने नोकरी करायची तर नवऱ्याने लिहून द्यायला हवं की आपली हरकत नाही. झुबैदाआपांनी ते टाइप करून दिलं, खाली फक्त सही हवी.

"अगो, तुझ्या घोवाची सही आण," त्या म्हणाल्या. "शनिवारी शाळा भरतेय. शनिवारी सही नाही आली तर मला दुसरी बघावी लागेल. पोरं माझ्यासाठी थांबतील, आईबाप थांबणार नाहीत."

विलासरावांनी कागद वाचला. यावेळी ते शेवटपर्यंत वाचून गेले, कारण चारच ओळी होत्या. मग चष्मा काढून त्यांनी तिला समजावलं की, अथेन्समध्ये प्रत्येक बाईला एक पालक असे, आधी बाप, मग नवरा, तोही नसला तर मुलगा. पोतंभर सातूच्या वरचा व्यवहार ती त्याच्याशिवाय करू शकत नसे. आणि बघ, त्यांची संस्कृती कुठे पोचली. हे सगळं त्यांना मंगलानेच मागच्या महिन्यात सांगितलं होतं. सातूचा भाग सांगताना ती हसली होती, ते हसू त्यांनी वगळलं.

"म्हणजे सही नाही," ती म्हणाली.

"नाही असं मी कुठे म्हटलं? विचार करू. तू जरा नीट विचार. मागण्याची एक पद्धत असते."

ती पद्धत मंगलाला माहीत होती. हेमा तिच्या नवऱ्याकडे पाटल्या मागताना वापरायची. जेवताना जास्त तूप, पाय चेपणं, थोडं रडणं. हेमानेच सुचवलं, की एकदा रड, पुरुषांना रडलेलं आवडतं, सही काय, अंगठासुद्धा उठवतील. मंगलाने त्या आठवड्यात तूप नेहमीइतकंच वाढलं. बुधवारी विलासराव इस्त्रीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, या शुक्रवारी विषय अथेन्सच्या बायका, काहीतरी रंगतदार सांग.

तिने सांगितलं. घरच्या बायका कशा आतल्या खोल्यांत सूत कातत मरून जात, ते सांगितलं. बैठकीला मात्र दुसऱ्याच बायका येत, त्यांना हेतायरा म्हणत. देखण्या, शिकलेल्या, गाणाऱ्या, राजकारणावर बोलणाऱ्या. त्या पुरुषांच्या शेजारी बसत, आपलं आपण कमावत, आणि त्यांतल्या काहींना घरात विचारणारं कुणी नसे. विलासरावांनी पहिला भाग ऐकताना जांभई दिली. दुसरा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

शुक्रवार आला. पडदे ओढले गेले. फासा चंद्रशेखरच्या बाजूने पडला आणि तो लोडावर टेकून राजा झाला. झ्यूसच्या पुढच्या बशीत देवाच्या नावाने थेंब टाकला, एसीने घरघर धरली, आणि विलासराव चादर सावरून बायकांवर बोलायला लागले.

आत मंगला वडे तळत होती आणि प्रत्येक शब्द तिला ऐकू येत होता. तिचीच वाक्यं होती, फक्त जाड झाली होती. घरच्या बायकांपाशी ते घाईने आले आणि गेले. मग हेतायरांवर आले आणि तिथेच रेंगाळले. केवढ्या बुद्धिमान, म्हणाले. केवढ्या स्वतंत्र. पुरुषाला खरी सोबत मिळायची ती त्यांचीच. घरच्या बाईशी बोलणार काय, मीठ आणि मुलं?

कुणीतरी हसलं. हेमाही हसली. "बघ बाई, कसे बोलतात," ती म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी करून तुला करायचंय काय, घरात काय कमी आहे?"

मंगलाने गॅस बारीक केला, झारा हेमाच्या हातात दिला आणि पदराला हात पुसले. तिला राग आलेला नव्हता. रागावायला समोर कुणी तेवढ्या तोलाचं लागतं. तिने वड्यांचं ताट घेतलं, टाइप केलेला कागद ताटाखाली धरला आणि हॉलमध्ये गेली. ताट मधे ठेवलं. राजनच्या पलीकडे एक गादी रिकामी होती. ती त्यावर बसली, पाय पोटाशी घेऊन नव्हे, मांडी घालून.

विलासराव थांबले. "काय हवंय?"

"काही नाही. बसलेय."

"आत हेमावहिनी एकट्या आहेत."

"त्यांना तळता येतं."

चंद्रशेखर गालात हसून म्हणाला की, वहिनी, इथे पुरुषांचं चाललंय. मंगला म्हणाली, मला तर आतून बायकांचंच ऐकू आलं. विलासराव आता खालच्या आवाजात, दात न उघडता बोलले.

"मंगल, ऊठ. मी आत्ताच सांगितलं ना, घरच्या बायका इथे बसत नसत."

"ऐकलं मी. मग दुसऱ्या बसायच्या, त्यांच्यातली समजा मला. सोबतही त्यांचीच खरी म्हणालात. आपलं आपण कमवायच्या, आणि त्यासाठी नवऱ्याची सही आणत नव्हत्या."

लोडाआड गेलेले दोघं एकदम दिसायला लागले. राजनने शेजाऱ्याला हिंदीत विचारलं, भाभी काय म्हणाली. शेजाऱ्याने सांगितलं नाही. विलासरावांच्या खांद्यावरून चादर घसरली आणि मोर बाहेर आला. ते तिला हाताला धरून उठवणारच होते, पण चंद्रशेखरला तेवढ्यात आपण राजा असल्याचं आठवलं. बाजू घ्यावी असं त्याला काही वाटलं नव्हतं. तमाशा इतक्यात संपू नये, एवढंच.

"थांबा हो विलासराव. गादीवर बसेल त्याने बोललंच पाहिजे, मधे अडवायचं नाही. नियम तुमचाच. वहिनी, पाळी तुमची."

मंगला बोलली. आधी तिचा आवाज मिरजेतल्या वर्गातला नव्हता, पण दुसऱ्या वाक्याला तो आला.

"अथेन्समध्ये नागरिक होते आणि गुलाम होते, हे तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. तिसरे होते ते सांगितलं नाहीत. मी सांगितले तेव्हा तुम्ही घोरत होतात. बाहेरून पोटासाठी आलेले लोक. व्यापारी, कारागीर, पेढीवाले, हिशेब लिहिणारे. त्यांना मेटॉइक म्हणायचे. वर्षानुवर्षं राहायचे, शहर त्यांच्या जिवावर चालायचं. पण जमीन घेता यायची नाही, घर घेता यायचं नाही, सभेत तोंड उघडायचं नाही. डोईपट्टी भरायची. आणि एखादा नागरिक जामीन ठेवावा लागायचा. जामीन नसला तर धरून विकायचेसुद्धा."

"बरं मग?" विलासराव म्हणाले.

"तुमचा पासपोर्ट कुठे आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"कंपनीच्या तिजोरीत आहे. मिरजेला जायचं तर अर्ज करून मागून घ्यावा लागतो. कफील, म्हणजे आपला इथला जामीन, उद्या म्हणाला खलास, तर आपण सामान बांधायचं. इतकी वर्षं राहून इथली वीतभर वाळू आपल्या नावावर नाही. आणि तुम्ही चादर गुंडाळून अथेन्सचे नागरिक होऊन लोळता? तुम्हाला तिथे या गादीवर बसवलं नसतं हो. जहाजाच्या बिलाला बसवलं असतं."

राजनला मराठी कळत नव्हतं, पण पासपोर्ट, तिजोरी, कफील आणि खलास या शब्दांना भाषांतर लागत नाही. त्याने मान डोलावली. "भाभी सही बोल रही हैं," तो म्हणाला. "मेरा भी उधर ही है. लॉकर में."

चंद्रशेखरचं हसू आपोआप कमी झालं. त्याचाही तिथेच असणार.

मंगलाने कागद ताटाशेजारी सरकवला. "तुम्हाला कफील आणि मला तुम्ही. रजेच्या अर्जावर सही घ्यायला त्याच्या केबिनबाहेर कसे उभे राहता ते मला माहीत आहे. आल्यावर चहा ढकलून देता त्या दिवशी. मी तशी उभी राहायची नाही, रडायचीही नाही. मी इथे बसेन. आजही, पुढच्या शुक्रवारीही, त्याच्या पुढच्याही. तुम्ही काय काय सांगता ते ऐकेन, आणि पाळी आली की बोलेन."

विलासरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांची बाजू घ्यावी असं कुणाच्या मनात नव्हतं, आणि विरोधात जावं इतकाही कणा कुणाला नव्हता. सगळे वड्यांकडे पाहत होते. पुढचे सगळे शुक्रवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. आपण बोलतोय, आणि राजनच्या पलीकडे ही मांडी घालून बसलीय, जिला पुढचं वाक्य आधीच माहीत आहे. ग्रीक देवांना शाप लागत नाहीत, पण विलासरावांना हा लागला.

"वडे गार होताहेत," चंद्रशेखर म्हणाला. "राजाचा हुकूम, सही करा आणि विषय संपवा."

पेन राजनने दिलं. विलासरावांनी बिलावर करतात तशीच, शेवटी शेपूट काढून सही केली, आणि कागदाला त्यांच्या बोटाचा तेलाचा डाग लागला.

"झालं? जा आता आत."

मंगलाने कागद घडी करून कमरेला खोचला. मग ताटातला एक वडा उचलला आणि तिथेच, पाच पुरुषांसमोर, कुणालाही वाढायच्या आधी, सावकाश खाल्ला. मिरची चावली गेली तेव्हा थांबून पाणी मागितलं. ते राजनने दिलं. मग ती उठली. आत हेमा रडवेली होऊन उभी होती आणि तळणीतला वड्यांचा घाणा काळा झाला होता.

शनिवारी झुबैदाआपांनी तो डाग उजेडात धरून बघितला. "सही करताना खात होता काय गो?" असं विचारून त्यांनी तिला सातवीच्या वर्गात ढकललं.

सिंपोझियम पुढे दोन-तीन शुक्रवार चाललं आणि विझलं. कारण मंगलाचा आवाज हॉलमध्ये नको म्हणून सही दिली, तरी ती इस्त्री करताना गोष्टी सांगेनाशी झाली. तिला वह्या तपासायच्या असत. विलासरावांनी ग्रंथ स्वतः उघडून पाहिला, तिसऱ्या पानापर्यंत गेले. मग मंडळी व्हिडिओवर हिंदी पिक्चर बघू लागली. तिथे लोडाची गरज तशीच होती आणि बोलावं लागत नव्हतं. विलासराव होमिओपॅथीकडे वळले.

मंगला त्या बंगल्यात सहा वर्षं शिकवत राहिली. तिथली पोरं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची, पण ऐकायची मान वर करून. तिच्या वर्गाचा आवाज निंबाच्या झाडापर्यंत जातो अशी तक्रार शेजारच्या बंगल्यातून आली, तेव्हा झुबैदाआपांनी खिडकी बंद केली, तिला काही म्हटलं नाही.

शहाऐंशी सालच्या स्नेहसंमेलनात तिने नाटक बसवलं. अंगणात स्टेज, दोन बेडशीट जोडून केलेला पडदा. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या आणि विलासराव त्यातल्या मधल्या खुर्चीवर बसले होते, सफारी सूटमध्ये. मंगला विंगेत उभी होती. शेजारच्या कुणा पालकाला ते सांगत होते की, बायकांना घराबाहेर आणलं पाहिजे, समाज त्याशिवाय पुढे जात नाही. आमच्या घरी तरी मी पहिल्याच दिवशी सही केली. लोक काय काय बोलले, पण मी म्हटलं, करू दे तिला.

पालक म्हणाला, वा, असे विचार हवेत.

मंगलाने तिकडे पाहिलं. पोट सुटलेला, गुळगुळीत दाढी केलेला, आपल्याच शब्दांनी हळवा झालेला एक गृहस्थ. त्याला खोटं ठरवायला तिला दोन वाक्यं पुरली असती, आणि विंगेतून तिची दोन वाक्यं शेवटच्या रांगेपर्यंत गेली असती. पण पोरं तोंडाला पावडर लावून खोळंबली होती, आणि त्यांच्यापुढे या माणसाला खर्च करण्याजोगी वाक्यं तिच्याजवळ उरली नव्हती.

ती पोरांना म्हणाली, "चला, सरळ उभे राहा."

पडद्याची दोरी तिच्या हातात होती. ती ओढल्यावर पहिल्या रांगेला गप्प बसावं लागलं.